जेनोव्हात दिवेलागणीनंतर: दोघांत तीस युरोंत संध्याकाळ कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको, सप्टेंबरच्या मध्यात मिलानहून येऊन दोन रात्री जेनोव्हात, म्हणजे आपण ज्याला जिनोआ म्हणतो तिथे. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं, एखादा ग्लास वाईन चालते, क्लब-डिस्कोत रस नाही. दर संध्याकाळी खाणं, पिणं आणि फिरणं मिळून दोघांत तीस युरो. शिवाय कुणीतरी सांगितलंय की बंदराचं गाव आहे, अंधारानंतर बाहेर पडू नका. तर स्वस्तातली चांगली जागा कोणती, आणि बाहेर पडावं का?

बाहेर नक्की पडा. पण ‘स्वस्त जागा कोणती’ हा मला खरा प्रश्न वाटत नाही. या शहरात पैसे जागेपेक्षा वेळ चुकल्यामुळे जास्त जातात. आपल्याकडे रात्री नऊला वाटलं तर बाहेर पडतो आणि काही ना काही मिळतंच. इथे बेकरी साडेसातला बंद, सुपरमार्केट आठ-नऊला बंद, आपेरितिवोची, म्हणजे एक ग्लास आणि सोबत बशीभर खाण्याची, वेळ साडेसहा ते नऊ, आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं साडेसातला उघडून दहा-साडेदहाला शेवटची ऑर्डर घेतात. यातलं सगळं हुकलं की समोर उरतं ते पर्यटकांसाठी उघडं ठेवलेलं, फोटोवाल्या मेन्यूचं हॉटेल. तीस युरो तिथे एका बैठकीत संपतात. म्हणून संध्याकाळ घड्याळावर आखा, जागा आपोआप स्वस्त निघतील.

काही गोष्टी ऋतूवर अवलंबून आहेत. जूनच्या शेवटी इथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, डिसेंबरात पावणेपाचलाच. तुम्ही जाताय तेव्हा साधारण साडेसातला मावळेल, म्हणजे खाण्याची वेळ आणि दिवेलागण एकत्र येतात. याहून सोयीचा महिना नाही. समुद्राचं पाणी अजून कोमट असतं, ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेलेले दुकानदार परतलेले असतात. फक्त आकाशावर लक्ष ठेवा. लिगुरियात, म्हणजे जेनोव्हाच्या प्रांतात, शरद ऋतूतला पाऊस गमतीचा नसतो. मागे डोंगर, समोर समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर, त्यामुळे ढग अडले की तासाभरात ओढे भरतात. नोव्हेंबर २०११ आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये जेनोव्हात असे जीवघेणे पूर आले. हवामानाचा इशारा पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत देतात. नारिंगी किंवा लाल असेल तर ब्रिन्योले स्टेशनाजवळचा बिझान्यो नदीचा भाग आणि भुयारी रस्ते टाळा. त्या दिवशी खोलीत बसणंच शहाणपणाचं.

आता पैशांचं गणित. युरोला शंभर रुपयांच्या आसपास धरलं तर तुमचे तीस युरो म्हणजे तीन हजार रुपये. इटलीत पदार्थाइतकाच बसण्याचाही आकार असतो. काउंटरपाशी उभं राहून कॉफी घेतली तर सव्वा-दीड युरो. तीच टेबलावर मागवली तर चांगल्या चौकात दुप्पट-तिप्पट. हॉटेलात बसलात की माणशी दीड ते तीन युरो ‘कोपेर्तो’ बिलात येतो. तो पाव आणि टेबलाचा आकार, मेन्यूवर बारीक अक्षरात छापलेला असतो. त्यावर वाद घालू नका, तो कायदेशीर आहे. पाण्याची बाटली आणखी दोन-तीन युरो, म्हणजे दोघं नुसते बसले तरी पाच ते नऊ युरो गेले. वेगळी टीप द्यायची गरज नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: एका संध्याकाळी एकदाच बसा. बाकीचं उभ्याने, कठड्यावर, पायरीवर किंवा समुद्राकाठी खा. इथे तसं खाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, सुटातले वकीलही कागदात गुंडाळलेली फोकाच्चा, म्हणजे तेल लावून भाजलेला चपटा पाव, चालता चालता खातात.

शाकाहाऱ्यांसाठी मला इटलीतलं हे सर्वात सोपं बंदर वाटतं, आणि त्याचं कारण बेसन. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. संपला विषय. पिठाच्या साधारण तिप्पट पाणी घालून सरबरीत भिजवतात, किमान चार तास ठेवतात, वर आलेला फेस काढून टाकतात. मग कल्हई केलेल्या तांब्याच्या प्रचंड थाळ्यात तेल घालून त्यावर हे पातळसर पीठ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. थाळा कधी कधी मीटरभर रुंद. भट्टी इतकी तापलेली असते की दहा-एक मिनिटांत वरचा पापुद्रा तपकिरी होतो, आतला भाग मात्र मऊ, जवळजवळ दह्यासारखा राहतो. भिजवणं टाळलं तर कच्च्या पिठाचा वास राहतो, भट्टी कमी तापली तर पापुद्रा धरत नाही. धिरडं आणि वाफवलेली वडी यांच्या मधलं काहीतरी समजा, पण हळद नाही, मिरची नाही, ओवा नाही. वरून भरपूर मिरपूड मागा.

ही जिथे मिळते त्या दुकानांना जुन्या बोलीत ‘शामाद्दा’ म्हणतात, म्हणजे ज्वाळा, भट्टीच्या जाळावरून पडलेलं नाव. जुन्या शहरात विया (म्हणजे रस्ता) सान जॉर्जो, विया देई ज्युस्तिनियानी आणि सोत्तोरिपाच्या कमानींखाली अशी दुकानं आहेत. एक भाग तीन ते पाच युरोंच्या दरम्यान मिळतो. आणि इथे घड्याळ परत येतं: फारिनाता थाळ्याने निघते, प्लेटने नाही. थाळा बाहेर आला की जे समोर उभे आहेत त्यांना मिळतो, उरलेला गार होत पडतो. गार फारिनाता म्हणजे ओला पुठ्ठा. काचेमागे अर्धा थाळा दिसला तर घाई करू नका, ‘काल्दा?’ एवढंच विचारा, म्हणजे गरम आहे का. नाही म्हटलं तर नवा थाळा कधी निघणार ते विचारून पाच-दहा मिनिटं थांबा. सव्वासात ते साडेआठ ही सर्वात भरवशाची वेळ. नऊनंतर अनेक ठिकाणी पीठ संपलेलं असतं. रविवारी किंवा सोमवारी दुकान बंद असणं नेहमीचंच, तेव्हा दुपारी तिथून जाताना दारावरची पाटी वाचून ठेवा.

पत्त्याची एक खोड इथेच सांगतो, कारण नवखा माणूस यात हमखास फसतो. जेनोव्हात घरांना काळे आकडे आणि दुकानांना लाल आकडे असतात, आणि दोन्ही मोजण्या स्वतंत्र चालतात. पत्ता ‘२० आर’ असा असेल तर तो लाल २०. काळ्या २० नंबरच्या दारापाशी जाऊन दुकान बंद पडलंय असं समजणारे पुष्कळ. लाल आकडा कित्येकदा त्याच गल्लीत शंभर पावलं पुढे असतो.

तळणीच्या दुकानांत शाकाहाऱ्यांनी जपायचं. पानिस्सा हा फारिनाताचा भाऊ. हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, गार करून त्याच्या कांड्या तळतात. पाटवड्या तळून खाल्ल्या असतील तर चव ओळखीची वाटेल. फ्रिशो म्हणजे भजी, कधी पालेभाजीची, कधी सुक्या माशाची. दोन्ही छान, पण अनेक ठिकाणी त्याच तेलात मासेही तळले जात असतात. चालत नसेल तर तळणीऐवजी भट्टीतलंच घ्या. फारिनातातही कधी बारीक मासोळी किंवा सॉसेज घातलेली असते, ‘सेम्प्लीचे’ म्हणजे साधी मागा. फोकाच्चा ऑलिव्ह तेलाची असते, पण स्वस्त बेकरीत डुकराची चरबी वापरण्याची शक्यता असते. ‘चे स्त्रुत्तो?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या सॉसमध्ये, मासे-मांस नसतं, पण त्यातलं चीज गाईच्या वासराच्या किंवा मेंढीच्या कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्यांच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजलेलं असतं. हे ज्यांना चालत नाही त्यांनी पेस्तो सोडा, फारिनातावर निभावेल. चालत असेल तर पेस्तोत बटाटा आणि फरसबी घातलेली त्रेनेत्ते (लांब पट्ट्यांची पास्ता) किंवा अक्रोडाच्या सॉसमधली पान्सोती (पालेभाजी भरलेली पास्ता) ही बसून खाण्याच्या रात्रीसाठी राखून ठेवा.

पहिल्या संध्याकाळचा क्रम मी असा लावेन. सातच्या आत बेकरीत जाऊन फोकाच्चा घ्या. ती वजनावर विकतात, दराची पाटी किलोची असते म्हणून घाबरू नका. ‘एत्तो’ म्हणजे शंभर ग्रॅम. ‘दुए एत्ती’ म्हटलं की दोघांपुरता खाऊ, साधारण तीन युरो. मोठ्या तुकड्याकडे नुसतं बोट दाखवलं की विक्रेती सढळ हाताने कापते आणि काटा सहा-सात युरोंवर जातो, म्हणून वजन तोंडाने सांगा. कांद्याची मिळाली तर तीही थोडी घ्या. सकाळची सायंकाळी चामट होते, तेव्हा दुपारनंतर भाजलेलीच मागा.

पुडा घेऊन पियाझा पोर्तेल्लोला या. दोन बोगद्यांच्या मधोमध असलेला हा चौक दिसायला अगदी सामान्य आहे. भिंतीत एक वाट आत शिरते, फरशा लावलेला लांब बोगदा, आणि शेवटी लिफ्ट. ही १९०९ सालापासूनची कास्तेल्लेत्तोची लिफ्ट, शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग. तिकीट लागलं तर बसचंच चालतं. तिकीट तबाक्केरियात, म्हणजे मोठ्या ‘टी’ची पाटी असलेल्या पानपट्टीवजा दुकानात मिळतं, पण ती दुकानंही आठच्या सुमाराला मिटतात, म्हणून लागतील तितकी आताच घेऊन ठेवा आणि चढताच यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट तपासनीसाच्या लेखी तिकीटच नव्हे.

वर दार उघडतं ते थेट गच्चीवर. सव्वासातला पोहोचलात तर जागा मिळेल. खाली राखाडी पाटीच्या दगडाची छपरं एकमेकांवर इतकी रेलून बसलेली की मधे गल्ल्या आहेत हे कळतच नाही. त्यापलीकडे क्रेन, बोटी, आणि उजवीकडे लँतेर्ना, १५४३ सालचा, सत्त्याहत्तर मीटर उंच दीपस्तंभ. सप्टेंबरात सूर्य त्याच बाजूला उतरतो. मावळल्यावर लगेच उठू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं आणि खाली दिवे पिवळे अशी वेळ येते, ती खरी. लँतेर्नाचे झोत मोजत बसा: दोन चमका, मग अंधार, वीस सेकंदांनी परत दोन. फोकाच्चा खाताना मीठाची बाजू खाली करून जिभेवर ठेवायची, ही इथली रीत. तोवर झाला खर्च पाच-सहा युरो.

उतरताना लिफ्ट न घेता पायऱ्यांच्या उताराने या. इथल्या चढाच्या वाटांना ‘क्रोझा’ म्हणतात, मधे विटांची पट्टी आणि दोन्ही बाजूंना गोटे. पाऊस पडून गेला असेल तर विटांवरूनच चाला, गोट्यांवर चपलेचा रबरी तळही घसरतो. खाली विया गारिबाल्दी लागते. जेमतेम अडीचशे मीटरचा हा रस्ता, दोन्ही बाजूंना सोळाव्या शतकातल्या सावकारांचे वाडे. या रस्त्यावरचे आणि आसपासचे मिळून ४२ वाडे २००६ पासून जागतिक वारशात आहेत. संग्रहालयाचं तिकीट संध्याकाळी काढायचंच नाही, कारण ते बंद झालेलं असतं. मान वर करून चाला. वरच्या मजल्यावर दिवा लागलेला असला की रंगवलेलं छत रस्त्यावरूनच दिसतं, दिवसा ते दिसत नाही. तुमच्या तारखा वर्षातल्या ‘रोल्ली डेज’शी जुळल्या तर यातले बरेच वाडे फुकट आतून पाहता येतात. त्यासाठी आगाऊ नावनोंदणीची वेळ पाहून ठेवा.

तिथून फारिनाता, आणि मग बसणं. बसायला पियाझा देल्ले एर्बे आणि सान दोनातोचा भाग. विद्यापीठाची मुलं इथेच असतात, म्हणून दर आवाक्यात. आपेरितिवो म्हणजे एका ग्लासाबरोबर बशीभर खाणं: चिप्स, ऑलिव्ह, फोकाच्चाचे तुकडे. ग्लास सहा ते नऊ युरो. पाटीवर ‘आपेरिचेना’ लिहिलं असेल तर ते बुफेवजा जेवण, माणशी दहा-पंधरा. दोन शब्द सारखे वाटतात, बिलात मात्र फरक पडतो. दारू नको असेल तर किनोत्तो मागा. शेजारच्या सावोनाच्या कडू संत्र्याचं पेय आहे, बशी त्याच्याबरोबरही येते. वाईनपेक्षा स्वस्त आणि अस्सल इथलं हवं तर कोरोकिनातो, ज्याला लोक आसिनेल्लो म्हणतात. गोडसर-कडवट, गार, छोट्या ग्लासात. बशीत हॅम येऊ नये म्हणून ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाविना, असं आधीच सांगा. उशिरा दुकानातून बाटली घेऊन चौकात बसण्याचा बेत करू नका. मध्यरात्रीनंतर इटलीभर दुकानांत दारू विकायला बंदी आहे, आणि जुन्या शहरात रात्री रस्त्यावर पिण्यावर पालिकेचे आणखी निर्बंध असतात.

दुसऱ्या रात्री समुद्राकडे. फोचेपासून बोक्कादास्सेपर्यंत कोर्सो इतालिया नावाचा सुमारे अडीच किलोमीटरचा किनाऱ्याचा रस्ता आहे. आपला मरीन ड्राइव्ह आठवेल, फक्त इथे खाली खासगी किनाऱ्यांच्या रांगा आणि मधे मधे मोकळे किनारे. पाऊण तासात आरामात होतो. टोकाला बोक्कादास्से, रंगीत घरांची जुनी कोळ्यांची वाडी, पुढ्यात वाळू नाही, गोटे. त्या गोट्यांवर बसून आइस्क्रीम खायचं, कोन तीन युरोंच्या आसपास. काठावरच्या हॉटेलांत बसायचं नाही. पातळ बूड असलेल्यांनी घडी घालून एक पंचा न्या. परत यायला ३१ नंबरची बस आहे. रात्री फेऱ्या विरळ होतात, म्हणून थांब्यावरच्या वेळापत्रकाचा, त्यातल्या शेवटच्या बसचा, जातानाच फोटो काढून ठेवा. संपाची शक्यताही गृहीत धरा. इथे ‘शोपेरो’ बहुधा शुक्रवारी येतो आणि आधी जाहीर होतो. त्या रात्री बोक्कादास्से सोडून बंदरावरच फिरा, १९९२ मध्ये वास्तुविशारद रेंझो पियानोने मोकळं केलेलं जुनं बंदर, पोर्तो आन्तिको, खोलीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असतं.

आता भीतीबद्दल. जुन्या शहराच्या गल्ल्यांना कारुजी म्हणतात. काही इतक्या अरुंद की दोन हात पसरले तर भिंतींना लागतात, आणि मोबाइलचा नकाशा तिथे भरकटतो. वाट चुकणं वेगळं आणि धोका वेगळा. वाट चुकलात तर उतार धरा, बंदराशीच निघाल. धोका म्हणाल तर तो मोजक्या पट्ट्यांत आहे: प्रिन्चिपे स्टेशनाजवळची विया प्रे आणि मादालेनाच्या आतल्या गल्ल्या. दिवसा तिथे बाजार असतो, रात्री दहानंतर अंमली पदार्थ आणि देहविक्रय. तुमच्या अंगावर कुणी येईल असं सहसा होत नाही, पण मोबाइल हातात धरून रेंगाळण्याची ती जागा नाही. प्रिन्चिपेहून येताना समांतर जाणारी विया बाल्बी धरा, रुंद आणि उजेडाची. पुढे विया गारिबाल्दी, मग दे फेर्रारीचा कारंज्याचा चौक, तिथून विया सान लोरेन्झोने बंदर. हा कणा लक्षात ठेवलात तर रात्री बारालाही माणसं भेटतात. नियम एवढाच ठेवा: गल्लीत पुढे उघडं दुकान किंवा माणसांचा आवाज नसेल तर मागे फिरा, दुसरी गल्ली तीस पावलांवर असते. खोली शोधताना म्हणूनच प्रिन्चिपेच्या मागच्या स्वस्त खोल्यांपेक्षा ब्रिन्योले किंवा दे फेर्रारीजवळ पाच-दहा युरो जास्त मोजा.

तीस युरो कसे बसतात ते एकदा जोडून पाहू. पहिली रात्र: फोकाच्चा तीन, फारिनाताचे दोन भाग आठ-नऊ, आपेरितिवोचे दोन ग्लास चौदा. सव्वीसच्या आसपास, वर लागलं तर लिफ्टचं तिकीट. दुसरी रात्र: बसून पास्ता घ्यायची असेल तर दोन थाळ्या आणि कोपेर्तो धरून अठ्ठावीस-तीस, मग आइस्क्रीम बजेटबाहेर जातं आणि आपेरितिवो अजिबात नाही. तसं नको असेल तर फोकाच्चा आणि कोनावर दुसरी रात्र बारा-पंधरात निघते, आणि उरलेले पैसे पहिल्या रात्रीच्या दुसऱ्या ग्लासाला. मी दुसरा मार्ग घेईन, पास्ता दुपारच्या जेवणात खाईन, कारण अनेक हॉटेलांत आठवड्याच्या दिवशी दुपारचा ठरावीक थाळा रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो.

खोली एर्बे चौकाच्या अगदी वर मिळत असेल तर खिडकी कुठे उघडते ते आधी विचारा. शुक्रवार-शनिवारी खालची गप्पांची गर्दी एक-दोनपर्यंत हलत नाही, आणि सप्टेंबरात खिडकी मिटून झोपवत नाही.